पाणी आणि पेपर प्लेट्स

मी घर सोडलं त्या सकाळी आई चर्चमध्ये पाणी भरत होती. नवं पीक देवाला वाहायचा हंगामाचा सण होता. जीप दारात उभी, बॅगा टपावर बांधलेल्या, तीन वर्षांची लेक माझ्या कडेवर रडून रडून लाल झालेली, आणि आईचा पत्ता नाही. ड्रायव्हर हॉर्नवर हॉर्न देत होता. शेवटी ती आली. कमरेवर रिकामं पातेलं, अर्धं लुगडं ओलं. आल्या आल्या म्हणाली, "डरम भरल्याबिगर कसं यावं? समद्या मंडळीचं जेवन हाय."

लेकीच्या गालाला तिनं ओला हात लावला. मग मला जीपच्या पलीकडे घेऊन हळू आवाजात बोलली, "तिथं कुनी इचारायचं न्हाय, तू कुन्या वाड्यातली. समदेच परमुलखातले. सुखात ऱ्हाशील."

मला दुबईत येऊन तेरा वर्षं झाली. आईचं ते वाक्य खोटं आहे हे कळायला मला त्यातली दहा लागली. हे मी तुमच्यासाठी लिहिते आहे, गावी राहिलात त्यांच्यासाठी आणि माझ्यासारखे विमानात बसून इकडे आलात त्यांच्यासाठीही. आमचे इथले पाळकसाहेब म्हणाले, लिहायचं तर मनातला राग आधी प्रभूच्या पायाशी ठेवा आणि मग लिहा. मी तो हाताशी ठेवूनच बसले आहे.

आधी गावचं सांगते, म्हणजे पुढचं कळेल. नगर जिल्ह्यातलं आमचं गाव. आमचे पणजोबा महारवाड्यातून ख्रिस्ती झाले. मिशन कंपाउंडात चार घरं होती, त्यांचे पणजोबा वरच्या आळीतून ख्रिस्ती झाले. गावचे पाळकसाहेब पुलपिटावरून सांगायचे की बाप्तिस्म्याच्या पाण्यात सगळं धुऊन गेलं. जेवणाची पंगत बसेपर्यंत ते खरंही वाटायचं. नाताळ असो की हंगामाचा सण, चर्चच्या मागं प्रीतिभोजनाची चूल पेटली की कंपाउंडातल्या बाया पदर खोचून चुलीशी बसायच्या आणि आमच्या बाया हापशावर जायच्या. कोणी कोणाला तसं सांगत नसे, सांगायची गरजच नव्हती. आमच्याकडे पाणी, सरपण आणि जेवणं झाल्यावर भांडी. शिजणाऱ्या अन्नाला हात त्यांचा.

आईचं ते पातेलं पितळेचं, चांगलं वीस माणसांचा रस्सा होईल एवढं. बाबांनी लग्नात घेतलं होतं. आतली कल्हई माझ्या लहानपणीच उडून गेली होती. मी एकदा म्हटलं, कल्हई का करून घेत नाहीस? तर म्हणाली, "पान्याला कशाला लागतीया कल्हई? रांधायचं असतं तर केली असती." आईच्या हातचं मटण अख्ख्या वाड्यात नावाजलेलं. ती मटण करायची घरच्या ॲल्युमिनियमच्या डेगीत, आणि लग्नाच्या पातेल्यातून चर्चला पाणी वाहायची. तिच्या मनाला काय वाटत असेल, असं मी तेव्हा कधी विचारलं नाही. लहान होते म्हणून नाही, मलाही ते रीतसरच वाटायचं म्हणून.

आमच्या चर्चमधली आणखी एक रीत सांगायला हवी. उपासनेत साक्ष असते. ज्याला वाटेल त्यानं उभं राहायचं आणि देवानं आपल्यासाठी काय केलं ते सांगायचं. साक्ष मधे तोडायची नाही. आमच्याकडे एक म्हातारे दर नाताळला त्यांच्या हरवलेल्या बैलाची साक्ष द्यायचे. बैल सापडेपर्यंत लोकांच्या पोटात कावळे ओरडायचे, पण पाळकसाहेबसुद्धा हूं की चूं करत नसत. कारण माणूस बोलत असला तरी ती देवाची गोष्ट. आणि प्रत्येक "प्रभूची स्तुती असो"ला मंडळीनं "आमेन" म्हणायचं. आईनं जन्मात एकदाही साक्ष दिली नाही. मला म्हणायची, "देवाच्या घरात आपन तोंड उघडू न्हाय."

शमुवेल, माझे यजमान, माझ्याआधी दोन वर्षं दुबईत आले होते. रास अल खोरला एका कोल्ड स्टोरेजमध्ये फोर्कलिफ्ट चालवतात, अजूनही तिथंच आहेत. आम्ही इंटरनॅशनल सिटीत एक खोली भाड्यानं घेतली, पडदा लावून तिच्या दोन केल्या. मला दुबई इन्व्हेस्टमेंट्स पार्कातल्या एका सेंट्रल किचनमध्ये काम मिळालं. आधी कांदे चिरायचं, मग भाज्यांच्या कढयांवर, आणि आता इंडियन सेक्शनची मी सुपरवायझर आहे. ऑफिसांची जेवणं, पार्टीच्या ऑर्डरी, सगळं एका छताखाली. आमचा शेफ बिजू, केरळचा. मला चेची म्हणतो, म्हणजे ताई. आई दरवर्षी काळा मसाला आणि येसूर कुटून पाठवते, तो मी एकदा मटणाच्या रश्श्यात घातला. बिजूनं चमचा चाटला आणि म्हणाला, "चेची, ये मेनू में डालो. होम स्टाइल मराठा मटन." मराठा कशाला, असं माझ्या ओठावर आलं होतं. पण मेनूत आपलं काही आलं याचाच आनंद एवढा होता की मी म्हटलं, डालो.

आणि मंडळी, म्हणजे आपलं चर्च. दुबईत मराठी मंडळी आहे हे कळल्यावर मला किती आनंद झाला होता, ते आता आठवलं की स्वतःचीच कीव येते. चर्चच्या कंपाउंडात भाड्याचा हॉल. आमच्या आधी तमिळ, आमच्यानंतर फिलिपिनो. दीडला हॉल रिकामा करावा लागतो, वॉचमन एकपासूनच दारात येऊन "यल्ला, यल्ला", चला चला, करतो. पण त्या दोन तासांत आपली गाणी, आपली प्रार्थना, कोणीतरी "काय म्हणता, सलाम" म्हणून हात पुढं करणार. पहिल्या दिवशी मी चक्क रडले.

मालिनीबाई तिथंच भेटल्या. त्यांचे यजमान मंडळीचे पंच, बँकेत मोठ्या हुद्द्यावर. कॉटनची कडक साडी, मोत्यांची कुडी, बोलणं असं की लोणी. त्यांनी माझं नाव विचारलं, गाव विचारलं, आडनाव विचारलं आणि माहेरचं आडनाव विचारलं. मला वाटलं, किती आपुलकीनं चौकशी करतात. त्या महिन्यात प्रीतिभोजन होतं. कोणी काय आणायचं याची यादी मालिनीबाई करत आणि ग्रुपवर टाकत. मी त्यांना म्हटलं, मी मटण आणते. तर त्यांनी माझा हात हातात घेतला. "अहो मार्था, तुम्ही आठवडाभर स्वयंपाकच करता. एक दिवस तरी आराम नको का? तुम्ही आपलं पाणी आणि पेपर प्लेट्स आणा."

एवढी माया! मी घरी येऊन आईला फोन केला. म्हटलं, आई, इथली माणसं किती चांगली आहेत, मला चुलीला हात लावू देत नाहीत, आराम कर म्हणतात. पाण्याच्या बाटल्या आणि प्लेटा तेवढ्या आणायच्या. आई म्हणाली, "बरं." एवढंच. तिला तेव्हाच कळलं होतं. फोनवरून, दोन वाक्यांत कळलं. आणि मी शिकलेली, पासपोर्टवाली, दहा वर्षं त्या मायेत लोळत राहिले.

दहा वर्षं! नाताळ, ईस्टर, हंगामाचा सण, मंडळीचा वर्धापनदिन. दर वेळी शमुवेल खांद्यावर पाण्याचे बॉक्स घेऊन जिना चढायचे आणि मी प्लेटांची पुडकी फोडून द्यायचे. मालिनीबाई म्हणायच्या, "तुमच्याशिवाय आमचं पानही हलत नाही." माझं मन भरून यायचं.

डोळे उघडले ते लेकीनं. ती तेव्हा तेरा वर्षांची. मराठी समजतं, बोलायला लावलं तर बोलते, पण उत्तर इंग्रजीतच. ईस्टरची यादी आली, मी भाजी निवडत होते म्हणून तिला म्हटलं, वाच गं. तिनं वाचली. पुलाव अमक्यांचा, पुरी तमक्यांची, मटण मालिनीबाई. मग थांबली आणि म्हणाली, "ममा, व्हाय आर वी ऑल्वेज प्लेट्स?"

मी तेच उत्तर दिलं, मी आठवडाभर स्वयंपाक करते म्हणून. तर ती म्हणाली, "बट संतोष अंकल ड्राइव्ह्ज अ बस. ही इज ऑल्वेज आइस. अँड द अंकल्स फ्रॉम द लेबर कॅम्प आर ऑल्वेज कोल्ड ड्रिंक." मी फोन हातात घेतला. ग्रुपवर मागच्या सगळ्या याद्या होत्या, मागं मागं जात राहिले. पाणी, बर्फ, कोल्ड ड्रिंक, टिश्यू, प्लेटा. त्याच चार-पाच घरांपुढं. त्यांची आडनावं तुम्ही वाचलीत तर मी सांगायच्या आधी तुम्हालाच कळतील. शिजलेलं काही नाही, एकदाही नाही. तळपायाची आग मस्तकाला गेली. समोर मेथीची जुडी तशीच राहिली.

तरी मी म्हटलं, आपला गैरसमज नको. ग्रुपवर लिहिलं, "या वेळी मटण मी आणते." पाच मिनिटांत मालिनीबाईंचा फोन. लोणी तसंच. "अहो कशाला उगाच त्रास? आणि काय आहे ना मार्था, तुम्ही समजूतदार आहात म्हणून सांगते. मला काही नाही हो. मी असलं काही मानत नाही. पण काही जुनी मंडळी आहेत. आमचे दादासाहेब आहेत, सासरे. त्यांना चालत नाही. त्यांचं वय झालंय, आता कुठं बदलणार? आपण आपलं प्रेमानं घ्यायचं."

मी म्हटलं, "बरं." आईसारखंच म्हटलं. फोन ठेवल्यावर ते लक्षात आलं आणि जास्त चीड आली.

पाळकसाहेबांकडे गेले. ते भले माणूस आहेत, पण पंचांच्या शब्दाबाहेर नाहीत. त्यांनी डोळे मिटले आणि म्हणाले, "आपण यावर प्रार्थना करू." केली. यादी तीच राहिली. शमुवेल म्हणाले, सोड गं, खलास, आपण जायचंच बंद करू. मी म्हटलं, आपण का जायचं बंद करू? जायचं तर त्यांनी जावं.

ईस्टरला मी मुकाट्यानं प्लेटा घेऊन गेले. एरवी प्लेटा वाटून होईपर्यंत मटण संपलेलं असायचं, या वेळी आधीच रांगेत उभी राहिले, मालिनीबाईंच्या चकचकीत स्टीलच्या डब्यातलं मटण घेतलं, पहिला घास तोंडात घातला आणि तशीच उभी राहिले. तुम्ही स्वतःचा आवाज रेकॉर्डवर ऐकलाय का? तसं झालं. तो येसूर माझ्या आईच्या जात्यातला होता. कांदा मी भाजते तसा काळ्या कडेपर्यंत भाजलेला. ते मटण आदल्या दिवशी माझ्याच कढईत शिजलं होतं.

दुसऱ्या दिवशी किचनमध्ये जाऊन मी ऑर्डरचा कागद काढला. होम स्टाइल मटन, मोठे ट्रे, सूचना: प्लेन पॅकिंग, कंपनीचा स्टिकर लावू नये. फोन नंबर तोच, जो ग्रुपवर यादी टाकतो. जुने कागद पाहिले. मेनूत मटण आलं तेव्हापासून प्रत्येक सणाला ऑर्डर होती. बाईला स्वतःला एवढ्या माणसांचं रांधता येत नव्हतं, किंवा नखं खराब करायची नव्हती. ट्रे यायचे, ती आपल्या डब्यांत ओतायची आणि मंडळी म्हणायची, मालिनीबाई, हाताला काय चव आहे हो! "सासूबाईंची रेसिपी," असं ती लाजून म्हणायची. मी स्वतःच्या कानांनी ऐकलं आहे.

बिजूनं मला कागद चाळताना पाहिलं. म्हणाला, "चेची, कस्टमर का नाम बाहर नहीं जाना चाहिए. हम दोनों का जॉब जाएगा." मी म्हटलं, नहीं जाएगा. नाव मला कोणाला सांगायचंच नव्हतं.

लगेच बोलून टाकलं असतं तर काय झालं असतं? तिनं डोळ्यांत पाणी आणलं असतं, गैरसमज झाला म्हणाली असती, पाळकसाहेबांनी प्रार्थना केली असती. म्हणून मी थांबले. एका ऑर्डरला वाटलं, मूठभर मीठ जास्त टाकावं. हात डब्यापर्यंत गेला होता, पण आईच्या मसाल्याशी बेइमानी होईना. मग उलट केलं. दर वेळी आधीपेक्षा चांगलं रांधलं. मटण स्वतः निवडून घेतलं, खोबरं स्वतः भाजलं, रश्श्यावर तर्री अशी आणली की ट्रे उघडल्याबरोबर माणसानं गप्प व्हावं. खा म्हटलं. आणखी खा. पोटभर खा, बोटं चाटा, डबे भरून घरी न्या. हंगामाचा सण झाला, नाताळ झाला, पुन्हा ईस्टर झाला. मी प्लेटा वाटत उभी राहायचे आणि कोण किती वेळा वाढून घेतं ते पाहायचे. त्या वर्षी मला उपासनेत एक शब्द ऐकू आला नाही. खरं सांगते, एवढी सुखी मी दुबईत कधी नव्हते.

मग मंडळीचा वर्धापनदिन आला. हॉल गच्च भरला होता. मागच्या टेबलावर डबे मांडलेले, मटणाचा वास खुर्च्यांपर्यंत येत होता. मालिनीबाईंचे सासरे, ते दादासाहेब, पुण्याहून आले होते, पहिल्या रांगेत, कानात मशीन. पाळकसाहेबांनी विचारलं, "कोणाला साक्ष द्यायची आहे का?" मी उभी राहिले. शमुवेलनी माझा पदर ओढला. लेक म्हणाली, "लेट हर." मी पुढं गेले, माइक हातात घेतला.

मी म्हटलं, प्रभूनं माझ्यासाठी फार मोठं काम केलं. माझ्या आईला गावच्या चर्चमध्ये अन्नाला हात लावता आला नाही. प्रभूची स्तुती असो, तिची लेक परदेशात आली. सगळे म्हणाले, आमेन. मी म्हटलं, इथंही माझ्या वाट्याला पाणी आणि पेपर प्लेट्स आल्या, कारण काही जणांना माझ्या घरचं चालत नाही, असं मला फोनवर प्रेमानं सांगण्यात आलं. प्रभूची स्तुती असो. या वेळी आमेन अर्धंच आलं. पाळकसाहेब खुर्चीवरून थोडे उठले आणि पुन्हा बसले. साक्ष तोडायची नाही.

"पण प्रभू कोणाचं अन्न कोणाच्या पोटात घालतो ते पाहा," मी म्हटलं. "गेले कितीतरी सण या टेबलावर जे मटण होतं, ते मी रांधलं. माझ्या किचनमध्ये, माझ्या हातांनी. मसाला माझ्या आईनं कुटला, तिचं नाव रूथबाई. आजचंही माझंच आहे. कोणाच्या घरातून आलं ते मी सांगणार नाही, तुम्ही ते दर वेळी विचारून, तारीफ करून खाल्लं आहे. तुम्ही सगळ्यांनी खाल्लं. कोणी आजारी पडलं नाही, कोणी बाटलं नाही. प्रभूची स्तुती असो."

कॅम्पमधून येणारी जी माणसं मागच्या भिंतीशी उभी होती, ती एकदम ओरडली, "आमेन!" आणि सवयीनं पहिल्या रांगेतल्या दोघा-तिघांच्या तोंडूनही ते निघून गेलं. मालिनीबाईंनी मान वळवली नाही. मला त्यांची कुडी दिसत होती, ती हलत होती.

आता खरी परीक्षा पुढं होती. आशीर्वाद झाला, जेवणाची रांग लागायची वेळ झाली, आणि रांग लागेना. डबे उघडे, वास सुटलेला, पोटात भूक, आणि जो तो दुसऱ्याच्या तोंडाकडं पाहतोय. मी टेबलाच्या मागं गेले. आजवर त्या टेबलाच्या मागं मी कधी उभी राहिले नव्हते. मटणाच्या डब्यातला डाव उचलला आणि म्हटलं, "चला. वॉचमन येईल."

चार घरं उठली. एकाला अचानक ॲसिडिटी आठवली, एकाला पार्किंग. गेली. मग संतोष आला, हातात माझीच पेपर प्लेट. मग कॅम्पमधली माणसं. मग हळूहळू बाकीची. काहींनी खाली मान घालून घेतलं, काहींनी नुसता डाळभात घेतला, आणि एका तरुण बाईनं प्लेट पुढं करून "सॉरी ताई" म्हटलं. मी तिला वाढलं, पण "असू दे" म्हटलं नाही.

दादासाहेबांना त्यांचा मुलगा खुर्चीसकट पुढं घेऊन आला. मी खाली वाकले आणि त्यांच्या मशीनच्या कानाशी मोठ्यानं विचारलं, "दादासाहेब, तुम्हाला माझ्या हातचं चालतं ना?" सगळा हॉल ऐकत होता. म्हातारबुवा म्हणाले, "न चालायला काय झालं? फक्त दात नाहीत. बारीक तुकडे द्या." साक्ष त्यांना ऐकू आली होती की नव्हती, मला आजही माहीत नाही. मला ते पाहायचंच नव्हतं. मी मालिनीबाईंकडे पाहत होते. त्यांच्या तोंडावरचा रंग पार उतरला.

त्या शेवटी आल्या. न येऊन करतात काय? मटण त्यांचं होतं ना. प्लेट धरली आणि म्हणाल्या, "थोडंसंच." मी एक डाव वाढला. "बास." मी दुसरा वाढला. "बास हो, मार्था." मी तिसरा वाढला आणि म्हटलं, "लाजता काय? तुमच्याच घरचं आहे." प्लेट वजनानं वाकली, रस्सा अंगठ्यावर आला. त्या खिडकीपाशी उभ्या राहून खात होत्या. मी डाव खाली ठेवला आणि शेवटचा घास जाईपर्यंत पाहत राहिले.

त्यांनी कंपनीत तक्रार केली नाही. तक्रार करायची तर आधी ऑर्डर कबूल करावी लागली असती. महिनाभरानं बिजू म्हणाला, "चेची, वो मराठी मैडम का ऑर्डर बंद हो गया." मी म्हटलं, दूसरा आएगा, इन्शाल्ला. तो माझ्याकडं पाहून हसला.

पाळकसाहेब मात्र घरी आले. पडद्याच्या अलीकडं पलंगावर बसले, माझ्या हातचा चहा घेतला. म्हणाले, क्षमा करायला हवी. मी विचारलं, "त्यांनी मागितली का, साहेब?" म्हणाले, मनातल्या मनात मागितलीच असेल. मी म्हटलं, मग मीही मनातल्या मनात केलीच असेल. त्यांनी चहा संपवला आणि प्रार्थना करून गेले. ती चार घरं आता शारजाला आपली वेगळी उपासना भरवतात. मालिनीबाईंना जाता आलं नाही, यजमान पंच आहेत ना. यादी आता संतोष करतो. तिच्यात मटणापुढं माझं नाव असतं. पाणी आणि प्लेट्स मालिनीबाईंकडे आहेत. हे मी संतोषला सांगितलं नव्हतं, पण त्यानं विचारलं तेव्हा नाहीही म्हटलं नाही. दर सणाला त्या पुडकी घेऊन येतात, माझ्या टेबलावर ठेवतात, आणि मी दर वेळी त्यांचे आभार मानते. "तुमच्याशिवाय आमचं पानही हलत नाही," असं म्हणते. लेक म्हणते, "ममा, यू आर सो मीन." म्हणू दे. तिला तेराव्या वर्षी दिसलं, तिला राग धरायची गरज पडणार नाही. मला दहा वर्षांचं उट्टं काढायचं आहे.

लोक विचारतात, आता घर कुठलं वाटतं, दुबई की गाव? दुबई घर नाही. व्हिसा आहे तोवर आहोत, मग यल्ला. पण तो हॉल दोन तासांपुरता तरी माझा झाला आहे, कारण तिथं मी भांडले आणि जिंकले. गावी माझं भांडण अजून व्हायचंय. म्हणून मला घराची ओढ लागते ती आता अशी लागते. चिंच नाही आठवत, अंगण नाही आठवत. चर्चमागचा हापसा आठवतो, आणि ड्रम भरेपर्यंत लेकीला निरोप द्यायला न आलेली आई.

साक्षीचं मी आईला त्याच संध्याकाळी फोनवर सांगितलं होतं. आधी खूप बोलली. देवाच्या घरात असं करतात का, सनाच्या दिवशी, भरल्या मंडळीत. मग विचारलं, "समद्यांनी खाल्लं?" मी म्हटलं, चार घरं उठून गेली. "आन् बाकीच्यांनी?" बाकीच्यांनी खाल्लं. "मसाला कुनाचा म्हनून सांगितलंस?" मी म्हटलं, तुझा. माइकवर नाव घेऊन सांगितलं, रूथबाईनं कुटला म्हणून. तिनं फोन ठेवून दिला. त्या दिवसापासून तिनं तो विषय कधी काढला नाही, मीही काढला नाही.

या नाताळला आम्ही गावी जातो आहोत, तिघंही. तिकिटं झाली हे सांगायला मी परवा आईला फोन केला. पाण्याचं काय करणार आहेस या वेळी, असं माझ्या तोंडाशी आलं होतं. पण ती ऐकायच्या नादात नव्हती. तिला तिचंच सांगायचं होतं. धापा टाकत होती, नुकतीच बाजारातून आलेली.

"तालुक्याला गेले व्हते," ती म्हणाली. "पातेल्याला कल्हई करून आनली. तू तिकडनं मसाला परत आनू नको गं. हितं नवा कुटलाय."